दोन साक्षीदारांसमक्ष पडलेला पाऊस

लग्नाला दोन साक्षीदार लागतात, मृत्युपत्राला लागतात, दुकानदाराचा खोटा तराजू जप्त करायचा तर पंचनाम्यावरही दोघांच्या सह्या लागतात. हे सगळं निरीक्षकांना पाठ होतं. पण पावसालाही दोन साक्षीदार लागतात, हे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्यातले. दुकानोदुकानी जायचं, वजनं आणि लिटरची मापं तपासायची, खरी निघाली तर शिक्का मारायचा, खोटी निघाली तर उचलून आणायची, हे काम ते वीस वर्षं करत होते. कामाचा परिणाम माणसावर होतोच. बायकोने 'अर्धा कप चहा देऊ का' असं विचारलं आणि दिला, तर ते कपात डोकावून 'हा अर्धा नाही' म्हणत. बायकोने ही हकिकत एकदा जिन्यात सांगितली, तेव्हापासून इमारतीत त्यांचं नाव 'दशांश' पडलं. तोंडावर अर्थातच 'साहेब'.

तर या दशांशसाहेबांची आई त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत राहायची. ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर नीट जुळलं नव्हतं, म्हणून ही व्यवस्था. आईची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. खाटेला लागून खिडकी होती, खिडकीबाहेर बोळ होता, आणि बोळातून कोण कुठे चाललंय, कुणाची चप्पल तुटलीय, कोण कुणाशी बोलेनासं झालंय ही बातमी आधी आईकडे यायची, मग इमारतीला कळायची. तक्रार होती ती बोळापलीकडच्या नाल्याची. दोन पावसाळे लागोपाठ तो खोलीत येऊन गेला होता. पहिल्या वर्षी घोट्याएवढा आला. दुसऱ्या वर्षी गादीपर्यंत. त्या खेपेला आईला न्यूमोनिया झाला, आणि ती उठून बसल्यावर डॉक्टरांनी निरीक्षकांना दाराबाहेर नेऊन सांगितलं की तिसऱ्यांदा पाणी आलं तर मला बोलावू नका, माझा काही उपयोग होणार नाही.

म्हणून निरीक्षक नाले विभागात गेले.

नाले विभागाचं कार्यालय वरच्या मजल्यावर होतं आणि छत गळत होतं. उपअभियंत्यांच्या टेबलाशेजारी एक बादली ठेवलेली होती. माणूस सभ्य होता. त्याने अर्ज पूर्ण वाचला, जे सरकारी कार्यालयात क्वचितच घडतं, आणि मग समजावून सांगितलं की नाल्याची रुंदी ही त्या भागात पडणाऱ्या पावसावर ठरते, त्या भागातला पाऊस अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर मोजला जातो, आणि त्या मोजणीप्रमाणे नाला अगदी योग्य रुंदीचा आहे. निरीक्षकांनी नम्रपणे सांगितलं की अग्निशमन केंद्र टेकडीच्या पलीकडे, नऊ किलोमीटरवर आहे. उपअभियंता म्हणाला, हो, पण भाग एकच आहे. निरीक्षक म्हणाले, पाण्याला ते माहीत नाही. यावर उपअभियंत्याने कपाटातून एक परिपत्रक काढलं. अर्जदार स्वतः पाऊस मोजू शकत होता. मान्यताप्राप्त पर्जन्यमापक हवा. पावसाळ्याचे एकशे बावीस दिवस, एकही न चुकता, सकाळी साडेआठला मोजणी हवी. प्रत्येक नोंदीवर दोन वेगवेगळ्या कुटुंबांतल्या साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ते अर्जदाराच्या कुटुंबातले नकोत. असा मोजलेला पाऊस अग्निशमन केंद्राच्या सव्वापट भरला, तर नाला रुंद करण्याचा विचार करण्यात येईल.

दुसरा माणूस असता तर परिपत्रक तिथेच बादलीत टाकून आला असता. निरीक्षकांचे डोळे चमकले. जगात कुठेतरी त्यांच्यासारखाच विचार करणारा कुणीतरी बसून हे लिहीत होता, याचं त्यांना मनापासून बरं वाटलं.

पर्जन्यमापक हे यंत्र दिसायला अगदीच सामान्य असतं. वर एक नरसाळं, खाली एक डबा. नरसाळ्याचं तोंड दोनशे चौरस सेंटीमीटर, म्हणजे डब्यात वीस मिलिलिटर पाणी साचलं की एक मिलिमीटर पाऊस झाला. एवढंच. पण तो ठेवायचा कुठे यावर इमारतीत तीन दिवस चर्चा झाली. अध्यक्ष होते पोस्टमास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, वय बहात्तर, आणि निवृत्तीनंतर टपाल नसल्यामुळे हाताला काम शोधत असलेले. त्यांचं मत पडलं की पाण्याच्या टाकीखाली ठेवावा, तिथे कायम ओल असते. पहिल्या मजल्यावर शिलाईचं मशीन चालवणाऱ्या काकू म्हणाल्या की आईंच्या खिडकीत ठेवा, त्या दिवसभर लक्ष तरी ठेवतील. एकाने दोन यंत्रं ठेवून बेरीज करण्याचा मार्ग सुचवला. निरीक्षकांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि मग टेपने मोजून गच्चीचा एकच बिंदू नियमात बसतो असं जाहीर केलं. तो बिंदू कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांच्या बरोबर मध्ये होता. दोऱ्या हलल्या. ओले कपडे जिन्यात आले. पुढचे दहा दिवस निरीक्षक कार्यालयात जाताना कुणाच्या तरी ओल्या चादरीतून वाट काढत जात, आणि डोक्यावरचे थेंब किती मिलिलिटर असतील असा विचार आला तरी बोलून दाखवत नसत.

साक्षीदार म्हणून पोस्टमास्तर आणि काकू नेमले गेले. रोज सकाळी सव्वाआठला दोघं गच्चीवर हजर. पोस्टमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. काकू गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत ठेवून यायच्या, त्यामुळे निरीक्षकांना त्यांच्याविषयी आदर वाटायचा.

आणि पाऊस पडेना.

या शहरात वर्षाचे दोनच भाग. एकात पाऊस पडतो, दुसऱ्यात लोक पावसाविषयी बोलतात. बोलायचे महिने संपले होते, ढग रोज दुपारी वेळेवर येत होते, टेकडीवर टेकून बसत होते आणि संध्याकाळी उठून जात होते. पहिल्या अठरा दिवसांची बेरीज नऊ पूर्णांक चार. अग्निशमन केंद्रावर त्याच दिवसांत एकतीस. पोस्टमास्तर सही करताना अशी मान हलवत, जणू शोकसभेच्या वहीत सही करतायत. काकूंनी एकदा विचारलं की सव्वापट म्हणजे जास्तच ना. निरीक्षक म्हणाले, हो, जास्तच. खाली आई रोज विचारायची, आज किती? निरीक्षक सांगायचे, शून्य. आई म्हणायची, 'अरे, तू मोजतोयस म्हणून लाजत असेल.'

एकोणिसाव्या दिवसापासून मात्र चित्र बदललं. रिमझिम सुरू झाली आणि आकडे चढू लागले. दहा मिनिटांची एक सर आली तरी डब्यात तीसच्या वर. नुसता शिंतोडा, तरी तेहेतीस. महिनाअखेरीला निरीक्षकांनी अग्निशमन केंद्राचे आकडे आणले तेव्हा आपल्या गच्चीवर दीडपट पाऊस पडतोय असं दिसलं. आता विज्ञान शिकलेल्या माणसाला कारण सापडल्याशिवाय झोप येत नाही. निरीक्षकांना सापडलं. दमट वारा टेकडीला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि नेमका याच इमारतीवर रिकामा होतो. त्यांनी टेकडीचा छेद काढला, वाऱ्याचे बाण काढले, आणि एका रविवारी सगळ्या इमारतीला जिन्यात बसवून तासभर हा सिद्धान्त समजावला. लोक फार मन लावून ऐकत होते. पोस्टमास्तर तर मध्येच 'वा' म्हणाले. काकूंनी विचारलं की म्हणजे असाच पडत राहील ना. निरीक्षक म्हणाले, टेकडी आहे तोवर. नंतर हा रविवार आठवला की त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम होत.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यांनी मध्यावधी तक्ता नाले विभागाला सादर केला. सहा दिवसांत उत्तर आलं. नाले विभागाकडून सहा दिवसांत उत्तर येणं ही गोष्ट त्या दीडपट पावसाहून अधिक अविश्वसनीय होती, आणि इथेच त्यांना शंका यायला हवी होती. पत्रात त्यांचं अभिनंदन होतं. नाला रुंद करण्याचा प्रस्ताव पुढच्या वर्षाच्या कामांत घेतला होता. आणि दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की सादर आकडेवारी पाहता हा परिसर अतिवृष्टीचा ठरत असल्याने नाल्यालगतच्या तळमजल्यावरील खोल्या राहण्यास अयोग्य घोषित करण्यात येत आहेत, त्या सात दिवसांत रिकाम्या कराव्यात.

नाल्यालगत तळमजल्यावर राहणारं माणूस एकच होतं.

आईला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं. चौघं जण, बावन्न पायऱ्या, प्रत्येक वळणावर खुर्ची कशी फिरवायची यावर वेगवेगळी मतं. आई दोन्ही हातांनी खुर्ची धरून म्हणाली की मला पार्सलासारखी नेताय, निदान पत्ता तरी लिहा. हे तिचं शेवटचं विनोदी वाक्य म्हणायचं, पुढच्या तीन आठवड्यांपुरतं. वरच्या घरात तिची खाट लावली त्या खिडकीतून फक्त आकाश दिसायचं. आकाशाकडे बातम्या नसतात. ती आधी गप्प झाली, मग जेवण निम्म्यावर आलं, मग सुनेला आठवण करून द्यावी लागू लागली की आज तुम्ही वेणी घालून घेतली नाही. मला खाली ने, असं ती रोज एकदा म्हणायची. दोनदा कधी म्हणाली नाही, त्याचाच निरीक्षकांना त्रास व्हायचा. ते रोज तिला नोटिशीचा क्रमांक सांगायचे.

सत्याऐंशीव्या दिवशी आईला पहाटेपासून अस्वस्थ वाटत होतं, म्हणून निरीक्षक चारपासून तिच्या खिडकीशी बसून होते. आकाश कोरडं ठाक होतं. पाचच्या सुमाराला गच्चीवरची टाकी भरून वाहिली, कुणीतरी पंप बंद केला, त्यापलीकडे काही घडलं नाही. साडेआठला ते साक्षीदारांसह वर गेले, डबा उघडला, आणि मोजपात्रात दोन खेपांना मिळून साडेतेहेतीस मिलिमीटर पाऊस भरला. पाणी किंचित पांढरट होतं. त्यांनी वास घेतला. दुधाच्या भांड्याचा वास होता.

'पहाटे जोरात पडला वाटतं,' पोस्टमास्तर ओल्या फरशीकडे बघत म्हणाले आणि त्यांनी सहीसाठी पेन काढलं.

निरीक्षकांनी वही मिटली. वीस वर्षं त्यांनी माणसं तराजूमागे उभी असलेली पाहिली होती. पारड्याखाली मेण लावलेल्या माणसाचे डोळे कसे फिरतात हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पोस्टमास्तरांचे डोळे तसे फिरले. काकूंचे त्याआधीच फिरले होते. आणि वळून पाहिलं तर जिन्याच्या दारात हातात रिकामं भांडं घेऊन उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोचेही.

तिघांनी कट वगैरे केला नव्हता. तीच खरी शोकांतिका. एकोणिसाव्या दिवशी प्रत्येकाच्या मनात, एकमेकांना न विचारता, एकच विचार आला होता. पोस्टमास्तर रोज सव्वाआठच्या आधी एकदा वर येऊन एक पेला टाकून जात. काकू इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यातलं थोडं टाकत. बायको दूध तापवायला ओतल्यावर भांडं विसळून ते पाणी टाकायची, वाया कशाला घालवायचं म्हणून. कोरड्या दिवशी टाकायचं नाही एवढा विवेक प्रत्येकापाशी होता. आज ओल्या फरशीने तिघांनाही फसवलं. एका पेल्याने पोस्टमास्तरांनी दोन महिने या शहरावर दहा-दहा मिलिमीटर पाऊस पाडला होता.

निरीक्षकांनी मोजपात्र कठड्यावर ठेवलं. मग ते म्हणाले, 'माझा सिद्धान्त ऐकताना तुम्ही वा म्हणालात.'

'चांगला होता हो सिद्धान्त,' पोस्टमास्तर खाली बघत म्हणाले.

त्यानंतर जे झालं ते इतर कुठल्याही इमारतीत झालं नसतं. निरीक्षकांनी तिघांना पुन्हा पाणी टाकायला लावलं. प्रत्येकाने रोजच्या भांड्याने, रोजच्या सवयीने, दहा-दहा वेळा. दर खेपेला ते मोजत आणि लिहून घेत, जसे दुकानातली मापं तपासताना घेत. पोस्टमास्तरांचा पेला सरासरी दहाचा निघाला, हात थरथरतो म्हणून थोडा इकडेतिकडे. काकूंचं माप तीनपासून नऊपर्यंत कुठेही जाई; त्यांना स्वतःलाच इतका धक्का बसला की त्या म्हणाल्या, मी ब्लाउज असे शिवत नाही हो. बायकोचं बारा भरलं. बेरजेत सहा कमी पडत होते.

'ते आईंचे,' बायको म्हणाली. 'त्यांच्या औषधाच्या पेल्यातले. मी टाकते हे त्यांना कळलं, तेव्हा म्हणाल्या, माझ्याही नावाने थोडं टाक.'

निरीक्षक मोजपात्र घेऊन खाली आईकडे गेले. आईने काही लपवलं नाही. पडल्या पडल्या तिने तो लहानसा पेला दहा वेळा भरून मोजपात्रात ओतला. दहाही वेळा बरोबर सहा. वीस वर्षांत इतकं खरं माप त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. वर आणल्यावरही ती रोज पेला देतच होती. आपण टाकलेल्या पाण्यानेच आपल्याला वर आणलंय हे तिला आत्ता कळलं. ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

'वीस वर्षं लोकांची मापं धरलीस,' ती म्हणाली. 'घरातलं राहिलंच होतं.'

दुपारी निरीक्षकांनी दुरुस्तीपत्र लिहायला घेतलं. बायको समोर येऊन बसली. तिने शांतपणे सांगितलं की नाला पुढच्या वर्षी होतोय, गप्प बसा. तिने हेही विचारलं की हे कुणाच्या पोटावर पाय देऊन झालंय का. निरीक्षक म्हणाले, माप खोटं आहे. आणि आईला खाली जायचंय. यातलं खरं कारण कोणतं हे बायकोने विचारलं नाही, आणि त्यांनी स्वतःलाही विचारायचं टाळलं. दिवसवार वजाबाकी करून, प्रत्येकाच्या हाताची सरासरी देऊन, त्यांनी चार पानांचं परिशिष्ट जोडलं. ते त्यांच्या हातून झालेलं सर्वांत सुंदर काम होतं.

उपअभियंत्याने तेही पूर्ण वाचलं. त्याने निरीक्षकांकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला की असा अर्जदार त्याने पाहिला नाही. आठवड्यात पत्र आलं. दुरुस्त आकडेवारीनुसार परिसरातला पाऊस अग्निशमन केंद्रापेक्षाही कमी असून नाल्याची रुंदी गरजेहून जास्त आहे. प्रस्ताव वगळण्यात येत आहे. तळमजल्यावरील खोल्यांबाबतची नोटीस मागे घेण्यात येत आहे. उरलेल्या दिवसांची मोजणी अर्जदाराची इच्छा असल्यास चालू ठेवावी, एखाद्या दिवसाचा पाऊस विशेष मोठा असल्यास पुनर्विचार होऊ शकेल.

आई खाली गेली. बावन्न पायऱ्या उतरताना ती खुर्चीतून सूचना देत होती. खिडकी उघडल्याबरोबर तिने बोळातल्या दोघींना हाक मारली, आणि संध्याकाळपर्यंत इमारतीला तीन आठवड्यांच्या तुंबलेल्या बातम्या मिळाल्या. ती पोटभर जेवली. निरीक्षकांनी खाटेखाली आणखी दोन विटांचा थर दिला. हंगाम संपत आला होता, उरला होता तो शेवटचा, थकलेला पाऊस. आकडे सांगत होते की आता काही होणार नाही. निरीक्षकांचा आकड्यांवर विश्वास होता.

एकशे तेराव्या दिवशी सकाळी सात चाळीसला पाऊस सुरू झाला. तो पडत नव्हता, कुणीतरी आकाश उपडं केलं होतं. पोस्टमास्तर छत्री घेऊन आले, ती जिन्याच्या दारातच उलटी झाली. काकू डोक्यावर मशीनचं प्लॅस्टिकचं आवरण घेऊन आल्या. दोघं दारात उभे राहून डब्याकडे बघत होते आणि निरीक्षक घड्याळाकडे. नियम साडेआठचा होता. आठ पंचविसाला खालून बायकोची हाक आली की बोळात पाणी आलंय. पोस्टमास्तर आणि काकू खाली धावले.

निरीक्षकांनी एक पाऊल टाकलं आणि ते थांबले. नाल्याला बोळातून खोलीत यायला दोन्ही वर्षी तासभर लागला होता. खाली तिघं आहेत. आणि विशेष मोठा म्हणतात तो दिवस हाच. आज आकडा हातून गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा हाच नाला, त्याच्या पुढच्या वर्षीही. हा आकडा मिळाला की आई कायमची वाचली. हा सगळा विचार अगदी बरोबर होता. त्यांनी नंतर तो अनेकदा तपासून पाहिला, त्यात चूक सापडली नाही.

साडेआठला त्यांनी डबा उचलून दाराच्या आडोशाला आणला. मोजपात्र एका वेळी वीस मिलिमीटरचं. ते पाच वेळा काठोकाठ भरलं, सहाव्यांदा अठरा पूर्णांक चारला थांबलं. खात्रीसाठी त्यांनी डोळा पाण्याच्या पातळीला आणून पुन्हा वाचलं. एकशे अठरा पूर्णांक चार, पन्नास मिनिटांत. वहीत वेळेचा रकाना नव्हता, पाऊस किती वेळात पडला हे परिपत्रकाला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्यांनी ते समासात लिहिलं. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि ते उतरू लागले. आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

पहिल्या मजल्याच्या वळणावर ते सगळे भेटले. पोस्टमास्तर पायरीवर बसून धापा टाकत होते, शर्टाची इस्त्री छातीपर्यंत चिखलात गेली होती. या खेपेला नाल्याने तास घेतला नव्हता, दार ढकलायलाच तिघांना दहा मिनिटं लागली होती. आई खाटेवर बसलेली सापडली, छातीएवढ्या पाण्यात, खिडकीचे गज धरून. काकू आता आपल्या पदराने तिचे केस पुसत होत्या. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. त्याविषयी ती पुढे कधीही बोलली नाही.

आईचे दात वाजत होते. तिने विचारलं, 'किती?'

'एकशे अठरा पूर्णांक चार.'

'एवढाच?' आई म्हणाली. 'मला जास्त वाटला.'

इस्पितळात तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला. त्याच दिवशी पोस्टमास्तर तिला भेटायला आले आणि बाहेरच्या बाकावर निरीक्षकांशेजारी बसून म्हणाले की आणा ती वही, मी आणि काकू सही करतो. निरीक्षक म्हणाले, तुम्ही मोजणी पाहिली नाही. पोस्टमास्तर म्हणाले, मी पाऊस पाहिला, माझ्या छातीपर्यंत पाहिला. निरीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. पोस्टमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना 'साहेब' न म्हणता, जरा हळू आवाजात, 'अरे बाबा' म्हणाले. पण वही काही निघाली नाही.

आईच्या कानावर हे गेलं. तिने वही मागून घेतली. साक्षीदार क्रमांक एक या रकान्यात तिने, श्वास घेत घेत, सही केली. म्हणाली, माझ्याइतका जवळून कुणी पाहिलाय?

निरीक्षक वही घेऊन नाले विभागात गेले. बादली भरलेली होती. उपअभियंत्याने आकडा वाचला आणि तो खुर्चीतून थोडा उठलाच. मग त्याने सहीचा रकाना पाहिला. दुसरे साक्षीदार कुठे होते, त्याने विचारलं. निरीक्षक म्हणाले, ते माझ्या आईला बाहेर काढत होते. आणि या पहिल्या? त्या आई. उपअभियंता खरोखर वाईट वाटून म्हणाला की अर्जदाराच्या कुटुंबातली व्यक्ती चालत नाही. समासातला मजकूर तर वाचताही येणार नाही, तो रकान्याबाहेर आहे.

आईला त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, 'तुझी सही चालली नाही. तू घरची आहेस.'

'चला,' आई म्हणाली, 'एवढं तरी त्यांच्या नोंदीत आलं.' आणि तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

नवव्या दिवशी ती गेली. त्या दिवशीसुद्धा मोजणी चुकली नाही. पोस्टमास्तर आणि काकू साडेआठला हजर होते, आणि निरीक्षक इस्पितळातून येऊन, शून्य लिहून, परत गेले.

मग उरला एकशे बाविसावा दिवस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आठवडाभर आकाशात ढगाचं बोटभर चिरगूट नव्हतं. टाकी वाहिली नव्हती, फरशी कोरडी होती, कपड्यांच्या दोऱ्या कुणीतरी आदल्या संध्याकाळीच पुन्हा जागच्या जागी बांधल्या होत्या. चौघं वर आले. बायको सहसा मोजणीला यायची नाही, आज आली आणि कठड्याशी जाऊन टेकडीकडे तोंड करून उभी राहिली. निरीक्षकांनी नरसाळं काढलं, डबा उचलला आणि त्यांचा हात थबकला. डबा रिकाम्या डब्याहून जड होता.

त्यांनी पाणी मोजपात्रात ओतलं. डोळा पातळीला आणला. पुन्हा वाचलं.

सहा.

त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं नाही आणि बायकोकडेही पाहिलं नाही. वहीत दिनांक घातला, वेळ घातली, आणि पावसाच्या रकान्यात सहा पूर्णांक शून्य असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून आकडा वाचला, निळ्या आकाशाकडे एकदा बघितलं आणि सही केली. काकूंनी न वाचताच केली.

दुपारी निरीक्षकांनी वही टपालात टाकली. या नोंदीला त्यांनी परिशिष्ट जोडलं नव्हतं.